जोडीनं उचललेला बेलभंडारा

वच्छलाबाईच्या लेखी नशा म्हणजे नशा. मिश्री काय आणि दारू काय, दोन्ही जिभेचे लाड; मन घट्ट केलं की सुटतात. आता ती स्वतः काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तव्यावर तंबाखू भाजून दातांना चोळल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. सासूनं बोलून पाहिलं, नवरा होता तोवर त्यानं डबी उकिरड्यावर फेकून पाहिली, बाई बधली नाही. तीच बाई लेकासाठी मिश्री सोडायला निघाली, तेव्हा अख्ख्या चारा छावणीनं तोंडात बोट घातलं.

लेक शहादेव. तेलगावजवळच्या त्यांच्या गावात सहकारी दूध संस्था होती, तिथं तो दूध मापून घ्यायचा. हातानं चोख, बोलायला गोड. दुष्काळ पडला, गायी आटल्या, संस्थेला कुलूप लागलं. चारा-पाण्यासाठी जनावरं छावणीत आली, त्यांच्यामागं माणसं आली, आणि मायलेक जनावरांशेजारी पाल ठोकून राहू लागले. दिवसभर दावणीकडं बघत बसण्यापलीकडं पोराला काम उरलं नाही. आधी तो संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी, मग डोळा उघडला की. सकाळी त्याचे हात थरथरायचे आणि घोट पोटात गेला की थांबायचे. आईला ती नाटकं वाटायची.

एका रविवारी ती त्याला खंडोबाच्या देवळात घेऊन गेली. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवाला शब्द द्यायचा, आणि दिलेला शब्द मेलं तरी मोडायचा नाही, हा तिथला रिवाज.

"तू दारू सोड, म्या मिश्री सोडते. दोगं मिळून सोसू," ती म्हणाली.

"आये, थोडी थोडी कमी करतो की."

"थोडी थोडी म्हंजी कदीच न्हाई."

तिनं आपली मिश्रीची डबी देवळाच्या पायरीवर ठेवली. शहादेव त्या डबीकडं बघत राहिला. आईचा जीव त्या डबीत किती होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं आईबरोबर बेलभंडारा उचलला.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईचं डोकं ठणकत होतं. तिनं शेणाची पाटी आपटली, गायीला शिव्या घातल्या, शेजारणीशी भांडण काढलं. पण हातपाय चालत होते. मपलं सरंल तसं त्याचंबी सरंल, असं म्हणून ती कामाला लागली.

शहादेव मात्र घामानं निथळत होता. पाण्याचा तांब्यासुद्धा त्याच्या हातात ठरेना.

"आये, एक घोट दे. फकस्त एक. हे काय तरी येगळंच हाय."

"मलाबी व्हतंय बाळा. म्या सोसतेय न्हवं?"

तो गोधडीत तोंड खुपसून पडला.

दुपारी धुळाजी आला. धुळाजी म्हणजे छावणीतला नावाजलेला बेवडा, त्याला पालाच्या दारात कुणी उभं करत नसे. त्यानं सदऱ्याआडून बाटली काढली. "वैनी, त्याला थोडी द्या आन् दवाखान्यात न्या. एकदम तोडली की आंग उलटतं. मपला भाऊ असाच गेलता."

वच्छलाबाईनं खराटा उचलला. "सवता बुडालास, आता मपल्या लेकराला कावून बुडवतोस?"

धुळाजी पळाला. आजूबाजूच्या बाया म्हणाल्या, माय असावी तर अशी. वच्छलाबाईलाही तसंच वाटलं, आणि हीच गोष्ट पुढं तिला जन्मभर जाळणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चारा वाटायला सुरुवात झाली तेव्हा शहादेव उठून बसला आणि नसलेल्या दाव्याला गाठी मारू लागला. विकून टाकलेल्या कपिला गायीला त्यानं हाक मारली. "आये, दूध आलंय, माप दे," म्हणाला. मग त्याचे डोळे फिरले आणि अंग ताठ झालं. चाऱ्याच्या टेम्पोत घालून त्याला बीडला नेलं. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती. वच्छलाबाईनं तिला एकच विचारलं. "म्याबी सोडली व्हती की बाई. मला कावून काय झालं न्हाई?"

डॉक्टरीण तिच्याशेजारी बाकावर बसली. "आजी, मेंदूत सुखाची एक जागा असते. तंबाखू, दारू, अफू, सगळ्या तिथंच पोचतात, पण प्रत्येकीची वाट वेगळी. तंबाखू त्या जागेला डिवचते. ती सोडली की माणूस चिडतो, डोकं धरून बसतो, पण जीव जात नाही. दारू अख्ख्या मेंदूला दाबून धरते. मग मेंदूही रोज उलटा जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्यानं एकदम दोर सोडला तर काय होतं? तसं झालं त्याचं. इतकी जुनी दारू दवाखान्यात, औषधं देत सोडवावी लागते."

"म्हंजी त्यो नाटकं करत नव्हता."

"नाही आजी."

वच्छलाबाई रडली नाही. रडायला तोंड लागतं, आणि आपल्या तोंडाची तिला शिसारी आली होती.

दहाव्याला कोरड्या नदीच्या पात्रात टँकरच्या पाण्यानं पिंड मांडला. गावकरी म्हणत होते, मेला पण शब्द मोडला नाही पोरानं. झाडावर दोन कावळे बसले होते, खाली काही उतरेनात. तिचा भाऊ सर्जेराव हात जोडून म्हणाला, "शहादेवा, तुज्या गायी संबाळतो." कावळे हलले नाहीत. "तुज्या मायला अंतर देणार न्हाई." तरी नाहीत.

धुळाजी लांब बाभळीखाली उभा होता, जवळ यायची त्याची छाती होत नव्हती. वच्छलाबाई उठून त्याच्याकडं चालत गेली आणि तिनं हात पुढं केला.

"भावजी, द्या."

त्यानं खाली मान घालून बाटली काढून दिली. ती परत आली आणि पिंडाजवळ द्रोण ठेवून तिनं बाटली उघडली.

"वच्छले, देवाला दिल्याला शब्द हाय," सर्जेराव म्हणाला.

"देवाचं म्या बघते," ती म्हणाली. मग पिंडाकडं वाकून तिनं मांडीवरच्या तान्ह्याशी बोलावं तसं हळू म्हटलं, "घे बाळा. एकच घोट मागत व्हतास."

आणि तिनं द्रोण काठोकाठ भरला.