बुडत्या जहाजाचा आवाज

घरात कुठे खुट्ट झालं की ते हिच्याच खोलीत, म्हणून दादाने तिचं नाव खुट्टी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तोंडातून शब्द निघायची मारामार, पण हात कधी गप्प बसायचे नाहीत. ती नऊ वर्षांची असताना दोघं भावंडं रेडिओला कान लावून ‘खाऱ्या पाण्याचे पहारेकरी’ ऐकायला लागली. एक कप्तानीण, तिचं जुनाट लाकडी जहाज आणि धुक्यात हरवलेली बेटं. दादाचं वेड दोन वर्षांत ओसरलं. हिचं चढतच गेलं. मालिकेचे दोनशे बारा भाग तिला तोंडपाठ होते. पुढे चाहत्यांचं एक ऑनलाइन मंडळ सापडलं आणि कप्तानिणीच्या नव्या नव्या सफरी ही स्वतःच रचून तिथे टाकायला लागली, त्याही आवाजांसकट. वादळ, वल्ही, डोलकाठीची करकर, पाण्यात बुडणारी घंटा, सगळं घरातल्या वस्तूंतून काढलेलं. मंडळात तिचं नाव होतं ‘भोंगा’. हजारो माणसं भोंग्याच्या नव्या भागाची वाट पाहत बसायची. त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, की हा भोंगा दुकानात जाऊन साधी पेन्सिल मागतानासुद्धा घामाघूम होतो.

विद्यापीठाच्या वसतिगृहात तिला सोडायला बाबा आणि दादा आले. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या बाबांनी आधी खोलीतलं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं आणि मगच ते खाली बसले. दादा पत्र्याची पेटी उचलून तीन जिने चढला होता.

“दगड भरलेत का गं यात?” म्हणत त्याने झाकण उघडलं. आत एक पातळ पत्रा, मोडकी छत्री, वाळक्या वाटाण्यांचा डबा, पितळी वाडगा आणि जुने टॉवेल.

“खुट्टे, हे इथे कुणाला दाखवू नकोस हं,” तो हळूच म्हणाला. “हसतील तुला.”

मायेनेच म्हणाला, पण ते तिला लागलं. ते दोघं गेल्यावर तिने पेटी पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलली.

पहिला महिना तिने भिंतीला धरून काढला. वर्गात शेवटचा बाक. खानावळीत दार उघडताच पहिली हजर, आणि गर्दी व्हायच्या आत ताट धुऊन बाहेर. खोलीतली दुसरी मुलगी कायदा शिकत होती आणि दोघींच्या वाटणीचं एकटीच बोलायची, म्हणून सगळा मजला तिला वकीलसाहेब म्हणायचा.

एका दुपारी वकीलसाहेबांचा तास रद्द झाला. ती खोलीत आली तर खुट्टी जमिनीवर बसून ओला टॉवेल फरशीवर आपटत होती आणि समोर फोन ठेवून ते रेकॉर्ड करत होती. खुट्टीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

“थांब, थांब,” वकीलसाहेब म्हणाली. तिने चक्क डोळे मिटले. “परत कर.”

टॉवेल परत आपटला. एकदा, दोनदा, मग अंमळ थांबून तिसऱ्यांदा.

“अगं, ओल्या फळीवर कुणीतरी चालतंय! आणि लंगडतंय!”

झालं. पेटी बाहेर आली, आणि पेटीबरोबर सगळी हकिकतही. नाट्यमंडळ यंदा त्याच मालिकेतल्या शेवटच्या सफरीवर नाटक करत होतं. त्याची सूचना फलकावर लागल्यापासून खुट्टी रोज ती वाचून परत येत होती.

“मग गेली का नाहीस?”

“तिथे जाऊन बोलू काय?”

“बोलू नकोस. पेटी घेऊन जा.”

नाट्यमंडळाची सूत्रं तिसऱ्या वर्षातल्या एका उंच मुलीच्या हाती होती. तिला सगळे जनरल म्हणायचे, आणि ते उगीच नव्हे. “काय काम आहे?” तिने विचारलं. खुट्टीने पेटी जमिनीवर टेकवली. तिने पेटीतून पत्रा काढला, दोन बोटांत धरला आणि हलवला. आधी दूरवर गुरगुर झाली, मग ढग थेट डोक्यावर आले. तालीम करणारे सगळे जागच्या जागी थबकले.

“घेतली तुला,” जनरल म्हणाली. “रंगमंचावर उजवीकडे टेबल मांडू. लोकांना तू दिसली पाहिजेस.”

“पडदा... मध्ये पडदा नाही का लावता येणार?”

“पडदा नाही.”

“मग मला नाही जमणार,” म्हणून खुट्टी पेटी घेऊन परत आली.

तीन दिवस तिने कळ काढली. चौथ्या दिवशी सभागृहावरून जाताना आतली तालीम कानावर आली. संगणकावरून लावलेलं जहाज करकरत होतं, आणि तो आवाज होता लोखंडाचा. कप्तानिणीचं जहाज लोखंडी? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाजणं-बिजणं विसरून ती थेट आत घुसली.

“जहाज लाकडी आहे!”

एवढं मोठ्याने ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती. सगळ्या माना वळल्या. आता माघार घ्यायला जागाच नव्हती. “पडदा नको,” ती म्हणाली. “पण करकरायला खुर्ची लागेल, आणि ती मी निवडणार.” त्या दुपारी तिने विद्यापीठातल्या एकोणचाळीस खुर्च्यांवर बसून पाहिलं. ग्रंथपालांची पसंत पडली. त्यांनीही कुरकुर न करता दिली.

प्रयोगाला सभागृह खचाखच भरलं. तिसऱ्या रांगेत आई, बाबा, दादा. खुट्टीने टेबलावरच्या वस्तू एकदा हाताने चाचपून घेतल्या. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्यात कप्तानिणीचं काम करणारी मुलगी एकाएकी दोन पानं गाळून पुढचंच वाक्य बोलली, “आता आपण बेटावर आहोत.” आणि आपली चूक लक्षात येताच दगडासारखी उभी राहिली. गाळलेल्या पानांत जहाज बुडत होतं. ते बुडालंच नाही तर पुढच्या नाटकाला काही अर्थच उरत नव्हता. आडोशाला उभ्या जनरलने कपाळाला हात लावला.

खुट्टीने कुणाकडे पाहिलं नाही. तिने दोन्ही हातांनी खुर्ची मागे रेलली. लाकूड असं कण्हलं की पहिल्या रांगेतली माणसं दचकून ताठ बसली. वाळकी काटकी मोडली, डोलकाठी गेली. बादलीत पाणी पडायला लागलं, आधी धार, मग लोंढा. ओले टॉवेल धावले, पावलंच पावलं, मग कमी, मग एकाचीच, लंगडत, सावकाश. ती सगळ्यांत शेवटी उतरणारी कप्तानीण, हे कुणाला सांगावं लागलं नाही. लाकडी पळी पाण्यात वल्ह्यासारखी फिरली आणि दूर दूर गेली. शेवटी तिने पितळी वाडगा टोलवला आणि तो घुमत असतानाच हळूहळू पाण्यात उतरवला. जहाजाच्या घंटेचा सूर वाकला, खोल गेला आणि बुडाला.

 कप्तानिणीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. ती वळली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली, “आता आपण बेटावर आहोत.” या वेळी ते वाक्य काळजाला भिडलं.

पडदा पडण्याआधीच लोक उभे राहिले. नट वाकले, जनरल वाकली, मग तिने हात धरून खुट्टीला पुढे ओढलं, आणि टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर भोंगा! ही घंटा भोंग्याची आहे!” दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी कुणी किंचाळलं. खुट्टी लाल झाली, पण पळाली नाही. मान वर करून तिने सगळं सभागृह डोळे भरून पाहून घेतलं.

पडदा पडल्यावर दादा गर्दीतून वाट काढत रंगमंचावर आला. त्याचे डोळे लाल होते. “मला वाटलं, मीच त्या जहाजावर आहे,” तो म्हणाला. “केव्हा शिकलीस हे सगळं?”

“तू ऐकायचं सोडलंस तेव्हापासून.”

दादा हसला आणि मग हसता हसता त्याने तिला घट्ट मिठी मारली. “चुकलंच माझं. घरी आलीस की मला पहिल्या भागापासून ऐकव.”

जनरल वही घेऊन आली. “पुढच्या वर्षीही आवाज तुझेच. नाटक कुठलं घ्यायचं ते मग ठरवू.”

“नाटक मी लिहिणार आहे,” खुट्टी म्हणाली.

“कशावर?”

आजूबाजूचे नट, वकीलसाहेब, आई-बाबा, सगळे तिच्याकडे बघायला लागले. खुट्टीने टेबलाला टेकून उभं राहत ओले हात ओढणीला पुसले.

“बसा,” ती म्हणाली. “जरा लांबलचक आहे.”

आणि ती सांगायला लागली.