उसना गोलकीपर

चाकूरच्या फुटबॉल संघाची माझ्याइतकी टिंगल दुसऱ्या कुणी केली असेल तर त्यानं समोर यावं, मी त्याला चहा पाजतो. आठ वर्षं त्यांनी आम्हा शिरूर अनंतपाळवाल्यांना मैदानात लोळवलं आणि आठही वर्षं मी कडेला उभा राहून तोंडानं लढलो. हातानं लढायची माझी संधी आधीच गेली होती. पंचाहत्तर साली मी शिरूरचा गोलकीपर असताना चाकूरनं माझ्यावर सहा गोल चढवले. त्या दिवसापासून मी राखीव. राखीव म्हणजे बाकावर बसायचं, लिंबं कापायची आणि बोलायचं. बोलण्यात मात्र मी कुणाला हार गेलो नाही.

आमचा संघ बहात्तरच्या दुष्काळातला. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सगळ्या आळ्यांतली माणसं तिथं खडी फोडायला. संध्याकाळी हजेरी झाली की मास्तरांनी आणलेल्या एका चेंडूमागं कोरड्या तलावात तीस-तीस पोरं धावायची. एरवी आमच्या घागरी वेगळ्या विहिरींवर भरायच्या. त्या उन्हाळ्यात सगळे एकाच टँकरखाली ओंजळ धरून उभे राहिले. त्यानं सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही, पण संघ एक झाला तो झालाच. लिंबाजी तिथलाच. बौद्धवाड्यातला, उंचीनं बेताचा, पुढं गावचा पोस्टमन झाला आणि आमचा कप्तान. दिवसभर सायकलवर टपाल वाटून संध्याकाळी सरावाला पहिला हजर. आमच्यात विकत आणलेला एकही गडी नव्हता. पैसे नव्हते हे खरं, पण असते तरी आणला नसता, असं आम्ही छाती काढून सांगायचो.

चाकूरचं उलट. हमरस्त्यावरचं गाव, आणि त्यांच्या क्लबाचे मालक म्हणावेत असे चन्नबसप्पा शेट, अडतीचे मोठे व्यापारी. त्यांचे जुने खेळाडू थकले तेव्हा शेटनी गावातली पोरं घडवायची सोडून बाहेरून माणसं आणायला सुरुवात केली. तीन हैदराबादचे, दोन नांदेडचे. माणशी पाचशे रुपये, वर भाडं, वर रोज दोन अंडी. आणि गंमत बघा, जसजसे पैसे गेले तसतसा संघ घसरला. ब्याऐंशी साली अहमदपूरनं त्यांना हरवलं, उदगीरनं हरवलं, देगलूरनं तर चार गोल घातले. विकतचे पाच जण एकमेकांनाच चेंडू द्यायचे आणि गावची पोरं नुसती धावायची.

मला तर दिवाळीच होती. मी हाळीच्या बैलबाजारात लहानाचा मोठा झालेला माणूस. तिथं सौदा उपरण्याखाली होतो, बोटं दाबून, तोंडानं कुणी भाव बोलत नाही. तर चाकूरचा सामना असला की मी मैदानाच्या कडेला उपरणं पसरायचो, एका दोस्ताला शेट करायचो आणि त्याची बोटं दाबत ओरडायचो, "हैदराबादी खोंड हाय शेट, दिसायला लई देखना! फक्त औताला चालत न्हाई!" मग कुणाला तरी जबडा उघडायला लावून त्याचे दात मोजायचो. "आवं शेट, हा तर म्हातारा निघाला! फसिवलं तुमाला!" माणसं पोट धरून हसायची. "गावाला प्यायला टँकर, आन् गोल मारायला मोटार भरून जावई!" हेही माझंच. त्या साली पाऊस झाला नव्हता आणि चाकूरच काय, आमच्याही आडांचा तळ दिसत होता. म्हणून ते जास्तच झोंबायचं.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला. पुढच्या मार्चात नव्या जिल्ह्याच्या ढालीचे सामने भरले. सागवानी ढाल, वर पितळी पट्ट्या, दर वर्षीच्या विजेत्यासाठी एकेक. सगळ्या पट्ट्या कोऱ्या होत्या. पहिल्या पट्टीवर जे नाव कोरलं जाईल ते जिल्हा असेपर्यंत पहिलंच राहणार, हे पोराबाळांनाही कळत होतं. उपांत्य सामन्यात आम्ही अहमदपूरला हरवलं. दुसऱ्या बाजूनं चाकूर कसंबसं वर आलं. अंतिम सामना लातूरला, शिरूर विरुद्ध चाकूर. आमचं निम्मं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून, पाण्याच्या कळशा घेऊन आलं.

आणि चाकूर आलं ते सहा जणांनी.

विकतचे पाचही आदल्या दिवशी निजामाबादला निघून गेले होते. तिथं कुणी माणशी सातशे देणारा भेटला होता. हसं होईल म्हणून गावचीही बरीच पोरं घरीच राहिली होती. चन्नबसप्पा शेट खुर्चीत बसून नुसता घाम पुसत होते. ही बातमी आमच्या बाजूला आली तेव्हा मी जे उपरणं पसरलं ते मैदानाच्या मधोमध! "सहा खोंड ऱ्हायले, बोला! जोडी जमत न्हाई, मोडीत घ्या!" एवढा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. चाकूरची सहा पोरं माना खाली घालून बुटांच्या नाड्या बांधत होती. मला त्यांची दया आली का? खरं सांगतो, नाही आली.

पंचांनी कागद काढला. सातापेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना होत नाही. शिरूरला पुढे चाल, ढाल शिरूरची. मी लिंबाजीला मिठी मारायला धावलो, तर तो पंचांना म्हणत होता, "साहेब, मी सही करनार न्हाई."

मला वाटलं उन्हानं त्याचं डोकं फिरलं. "लिंबाजी, आठ वर्सं मार खाल्लाय आपन! घास तोंडापाशी आलाय, काय करून राहिलास तू?"

"पट्टीवर पैलं नाव आपलं लागंल," लिंबाजी म्हणाला. "उद्या माझी पोरगी इचारंल, किती गोलानं जिंकले म्हनून. काय सांगू तिला? ते आलेच न्हाईत म्हनून जिंकलो?"

"तसंच सांग! त्यात काय खोटं हाय?"

"शेषेराव, आजवर आपल्याला कुनी फुकट कायी दिलं न्हाई. आन् ही ढाल मला फुकट नको."

कळशीला टेकून बसलेली त्याची बायको पंचशीला तेवढ्यात ओरडली, "आवं भावजी, एवढ्या धुळीत भाकरी बांधून आलो आमी ते काय पंचाची सही बगायला? खेळा की!" बायका हसल्या.

मग लिंबाजीनं तोड काढली. दोन्हीकडून सात-सात. चाकूरकडं गोलकीपर नव्हता, तो निजामाबादला गेलेल्यांतलाच. "गोलकीपर आमचा घ्या," तो चाकूरच्या कप्तानाला म्हणाला. कप्तान भीमाशंकर, बावीस-तेवीसचा असेल. त्यानं विचारलं, "कोन देता?" लिंबाजीनं माझ्याकडं बोट केलं.

"मी? कामून मी?" मी दोन पावलं मागं सरकलो.

लिंबाजीनं मला बाजूला घेतलं. "दुसऱ्या कुनी गोल सोडला तर माप करतील. तू, त्यांची टिंगल करनारा, सोडलास तर चाकूरवाले जल्मभर म्हनतील, मुद्दाम सोडला. तुला ते सोसनार न्हाई. म्हनून तू."

त्यानं मला किती ओळखलं होतं! राग आला आणि अंगावर मूठभर मांसही चढलं. पंच म्हणाले, दोन्ही कप्तान कबूल असतील तर माझी हरकत नाही. दोघांनी सह्या केल्या. भीमाशंकरनं मला पिवळा सदरा दिला, तो छातीत बसेना आणि पोटावर पुरेना.

मी चाकूरच्या गोलाकडं चालायला लागलो आणि त्यांच्या माणसांना कंठ फुटला. एकानं टॉवेल पसरला. "ह्याचे दात बगा रे! हा तर फुकटात मिळालाय!" दुसरा म्हणाला, "फुकटाचा बैल, बसला तर उठत न्हाई!" आमच्या बाजूची माणसंही हसली. माझी टिंगल मलाच ऐकावी लागली आणि ती चांगली होती, हे मला कबूल करावं लागलं.

सामना सुरू झाला. धूळ अशी उडत होती की पलीकडचा गोल दिसेना. चाकूरची सहा पोरं विकतच्यांशिवाय पहिल्यांदाच एकत्र खेळत होती, आणि काय खेळली! भीमाशंकरनं मधूनच चेंडू काढला, दोघांना चुकवलं आणि आमच्यावर गोल केला. माझे हात टाळ्यांसाठी वर गेले, मग मला कळेना ते कुठं ठेवावेत.

मध्यंतरानंतर आमच्या श्रीमंतनं बरोबरी केली. लांबून मारलेला चेंडू टप्पा पडून उसळला, मी झेप घेतली, कोपर सोलून निघालं आणि चेंडू आत गेला. "सोडला! सोडला!" चाकूरवाले उठून उभे राहिले. "आपल्या गावाला सोडला!" कोपरातून रक्त येत होतं आणि ते मला चोर म्हणत होते. एरवी मला कुणी काहीही म्हटलं असतं तरी मी उलट दोन ऐकवली असती. त्या वेळी मी नुसता चेंडू उचलून मैदानाच्या मधे फेकला. भीमाशंकर तेवढा जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, त्यो कुनालाच आडला नसता."

शेवटची चार मिनिटं उरली. एक-एक. चाकूरच्या एका पोराचा हात चेंडूला लागला आणि पंचांनी पेनल्टी दिली. मारायला लिंबाजी.

अकरा वर्षं सरावात मी त्याच्यासमोर उभा राहिलेलो. लिंबाजी पेनल्टी एकाच जागी मारायचा, माझ्या डाव्या हाताला, खाली, खांबाला लागून. मला हे ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. गोल झाला तर पट्टीवर पहिलं नाव शिरूरचं. मी हे नाव कोरलेलं स्वप्नात पाहिलं होतं. पण चाकूरवाल्यांनी बोंब ठोकायला आधीच तोंडावर हात धरले होते. "आता झोपतो बगा गडी!" मी उजवीकडं पडलो असतो तर कुणाला सिद्ध करता आलं नसतं. पण लिंबाजीला कळलं असतं. मग तशी जिंकलेली ढाल आणि मघाशी नाकारलेली ढाल, यांत फरक काय?

लिंबाजी धावत आला. मी डावीकडं अंग झोकून दिलं. चेंडू बोटांवर आदळला, करंगळी वाकडी झाली, आणि तो खांबाला घासून बाहेर गेला.

चाकूरची बाजू अशी गरजली की मैदानाकडेच्या पाण्याच्या टँकरवर बसलेली पाखरं उडाली. आमच्या बाजूनं कुणीतरी मला आईवरून शिवी दिली. लिंबाजी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता आणि, देवाशपथ सांगतो, हसत होता.

पण चेंडू माझ्या हाताला लागून गेला होता, म्हणजे कॉर्नर आमचा. आमचा म्हणजे शिरूरचा. त्या दिवशी मला आमचा कोण आणि त्यांचा कोण हेच धड उमगत नव्हतं. श्रीमंतनं चेंडू उंच टाकला. मी दोन्ही मुठी घेऊन उडी मारली, जीव तोडून मारली. लिंबाजी, आमचा बुटका पोस्टमन, त्या पोरांच्या मधून कसा वर गेला देव जाणे. त्याचं डोकं माझ्या मुठीच्या वीतभर आधी चेंडूला लागलं.

दोन-एक. "सोडला" असं या वेळी चाकूरचा एकही माणूस म्हणाला नाही. मी तेवढंच ऐकत होतो. ते ऐकू आलं नाही आणि मी तिथंच धुळीत बसून रडलो. आम्ही जिंकलो होतो, आणि त्या जिंकण्याकडं कुणाला बोट दाखवता येणार नव्हतं.

ढाल मिळाली. फोटोवाल्यानं हाका घातल्या, "शिरूरवाले इकडं या!" मी तो पिवळा सदरा डोक्यावरून ओढायला लागलो. लिंबाजी लांबून हात करत होता. तेवढ्यात भीमाशंकर म्हणाला, "भाऊ, आमच्या फोटूत थांबता का? सहाच जण हाव आमी."

मी त्या सहांकडं नीट बघितलं, वर्षभरात पहिल्यांदा. शेटनी पाच माणसं विकत आणली तेव्हा बाकावर कोण बसलं होतं? यांतलेच बहुतेक. माझ्यासारखेच लिंबं कापत. विकतचे पळाले तेव्हा यांनाही घरी बसता आलं असतं. हसं होणार, ते मी करणार, हे ठाऊक असून ती पोरं सहा जणांनी मैदानात आली होती. मी सदरा पुन्हा खाली ओढला आणि त्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. पलीकडं लिंबाजीनं हात खाली घेतला. त्यानं परत बोलावलं नाही.

आमच्या ग्रामपंचायतीत ढालीचा फोटो लावलाय. गावातलं झाडून सगळं त्यात आहे, पंचशीलासुद्धा कडेला कळशी घेऊन आलीय. मी नाही. नव्या सुना, नवे मास्तर विचारतात, शेषेराव, तुम्ही त्या दिवशी नव्हता काय? मी सांगतो, चाकूरला गेलात तर त्यांच्या क्लबाच्या खोलीत डोकावून या. तिथं हरलेल्या संघाचा फोटो आहे. सात जण उभे आहेत. त्यांत सगळ्यांत ताठ मानेचा जो दिसेल, तो शिरूरचा.