अर्जुनाची साल

करोल बागेतून निघालेली रिक्षा सिग्नलला अडकली होती. क्षिप्राने फोनवरच्या यादीतली सत्तेचाळिसावी ओळ पुन्हा वाचली. अर्जुन, मृत, मागील वर्षी. पुढचे दोन अर्जुनही तसेच. खाली तिचीच सही. मेलेली झाडं आज सकाळी पाडायची होती आणि मुकादम फोन उचलत नव्हता.

तिने दिल्लीतच वाढलेल्या मानसला लावला. झाडांच्या पाहणीत ती एकेक झाड बघून सांगायची, तो लिहून घ्यायचा.

"हे अर्जुन मेले असं कोण म्हणालं?"

"तूच. 'याची साल गेलीय' म्हणालीस. मला वाटलं, गेल्या साली गेलं."

"अरे, साल! खोडावरची!"

"ती छाल ना यार! साल केळ्याची असते. आणि पान पण नव्हतं एकही."

मार्चमध्ये अर्जुनाला पान नसतंच. म्हणून तर महिनाभर ती खोडांवरून झाडं ओळखत होती. कडुनिंबाच्या उभ्या भेगा, सावरीचे काटे. अर्जुन जुनी साल पापुद्र्यांनी टाकतो आणि खालून गुळगुळीत, फिकट गुलाबी खोड निघतं. त्या रंगाच्या आनंदातच ती बोलून गेली होती.

सरोजिनी नगरच्या बाजारामागे ती पोचली तेव्हा पहिला अर्जुन आडवा झाला होता. कापलेला भाग ओला होता.

"रुकिए! ये ज़िंदा हैं."

"मैडम, लिस्ट आपकी, दस्तख़त आपके," मुकादम म्हणाला. "सुबह से मुर्दे ही काट रहे हैं."

तिने खोलीची किल्ली काढली आणि दुसऱ्या अर्जुनाचं खोड खरवडलं. राखाडी पापुद्रा सुटला. गुलाबी थर खरवडल्यावर खाली ओलसर हिरवं. मुकादमाने अंगठा टेकवला, बोटाला लागलेला ओलावा पाहिला आणि करवतवाल्याला हात केला.

"लिखकर दीजिए."

तिने यादीच्या मागे लिहून दिलं. दोन वाचले. तिने पुन्हा फोन लावला.

"मानस, नीट आठव. साल गेलीय असं मी आणखी कुठे म्हणाले?"

"ती उंच, पांढरी... निलगिरी. मागच्या गेटपाशी. चार होत्या ना?"

निलगिरीही दरवर्षी साल टाकते. मागच्या गेटकडून दुसरी करवत सुरू झाल्याचा आवाज आला. क्षिप्रा किल्ली मुठीत धरून पळत सुटली.