धाकटीचे चार डबे

मी एक जुनी, निळी, बर्फ ठेवायची पेटी आहे. दुकानात मला आइसबॉक्स म्हणत, पण ज्या घरात मी सहा वर्षं काढली तिथे मी नुसती ‘पेटी’. मित्रांनो, सध्या माझ्या पोटात लोकांच्या ओल्या चपला असतात. ही वेळ माझ्यावर का आली, ते सांगते. रागात आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकच्या दोन भिंती, मध्ये दाबून भरलेला फोम, वर घट्ट झाकण आणि दोन बाजूंना दोन चाप. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यात बर्फ भरून मला दिवसभर उन्हात ठेवलं आणि संध्याकाळी झाकण उघडून नुसती मान डोलावली. तेवढ्यानेच मी हुरळून गेले होते.

मला घरी आणलं ते आईने. घरातल्या धाकट्या मुलीच्या पोटात शेंगदाण्याचा कण जरी गेला, तरी तिचा घसा सुजायचा. त्यामुळे बाहेरचं खाणं बंद. सुट्टीत ही मंडळी तळ्याकाठी चार दिवस घर भाड्याने घेत, पण आईचे ते चार दिवस तिथल्या ओट्यापुढेच जात. मी आले आणि तिची सुटका झाली. ती घरीच रांधायची, गार करायची, चार डबे भरायची आणि प्रत्येकावर वाराची चिठ्ठी चिकटवायची. शेवटच्या दिवसाचा डबा तळाशी, पहिल्या दिवसाचा वर, चहूबाजूंनी बर्फाच्या पिशव्या. मग माझ्यावर बसून चाप लावायची. “ही आहे म्हणून मी पाण्यात पाय तरी बुडवते,” असं ती शेजारणीला सांगायची. सहा वर्षांत एकही डबा नासला नाही.

गेल्या सुट्टीत मामाही आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तोंडाने गोड आणि कामात धांदरट. दोन वर्षं त्याचं आणि बाबांचं बोलणं बंद होतं. आईने दोघांची मनधरणी करून करून ते नुकतंच सुरू केलं होतं. घरच्या गाडीत जागा उरली नाही, म्हणून मला मामाच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं.

“झाकण उघडू नकोस हं,” आई म्हणाली. “धाकटीचं सगळं जेवण आहे यात.”

“ताई, मी काय लहान आहे का?”

वाटेत या शहाण्याने थंड पेयाच्या डझनभर बाटल्या घेतल्या. त्या गार राहाव्यात म्हणून माझ्यातले चारही डबे काढून डिकीत ठेवले. मग गाडी उन्हात लावून निवांत जेवला. मी ओरडले असते, पण मला कुठलं तोंड! पाच तासांनी, ते घर दिसू लागल्यावर, त्याने बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि डबे होते तसे परत माझ्यात ठेवले.

आईने पहिला डबा उघडला, तर आंबूस वास. दुसरा, तिसरा, चौथाही तसाच.

“पेटी गेली वाटतं कामातून,” मामा म्हणाला. “जुनीच झालीये ना.”

आईने माझ्यात हात घातला. बर्फ अजून टणक होता. एका पिशवीला बाटलीचं ओलं लेबल चिकटलं होतं. तिने ते सोलून काढलं आणि मामाकडे पाहिलं. मामा आपल्या पायांकडे बघत होता. मला हायसं वाटलं. आता खरं बाहेर येणार होतं.

तेवढ्यात अंगणातून बाबांनी विचारलं, “काय झालं गं?”

आईने लेबल मुठीत चुरगाळलं. “पेटी निकामी झाली. सगळं नासलं.” आणि बाबा आत येण्याआधी तिने बर्फ बेसिनमध्ये ओतून वर गरम पाण्याचा नळ सोडला.

मित्रांनो, भावावर तिने पांघरूण घातलं, ते मला कळतं. बाबांना समजलं असतं तर दोघांची पुन्हा जुंपली असती. पण खापर माझ्यावर फुटलं, आणि तेही माझा बर्फ हाताने चाचपून पाहिलेल्या बाईकडून. मामाचा मला नुसता राग आहे. आईने माझा विश्वासघात केला.

पुढचे चार दिवस ती त्या परक्या स्वयंपाकघरात अडकली. तिथल्या भांड्यांत आधी कुणी काय शिजवलं असेल, या धास्तीने प्रत्येक भांडं दोनदा घासून उकळायची आणि मग भात, बटाटे शिजवायची. मामा मात्र मजेत पोहला. धाकटी रोज विचारायची, “आई, तू कधी येणार पाण्यात?” आई म्हणायची, “उद्या.” चौथ्या दिवशी धाकटी माझ्यापाशी आली आणि तिने मला लाथ मारली. “तुझ्यामुळे आई आली नाही!” आई तिथेच उभी होती. तिने ऐकलं आणि ती बटाटे सोलत राहिली.

निघताना बाबांनी विचारलं, “हिला न्यायचंय का परत?” आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “राहू दे इथेच.” घर सांभाळणाऱ्या मावशींनी मग मला मागच्या दाराशी सरकवलं.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली तर खुशाल टाका, माझं त्यावर भांडण नाही. पण आपल्या माणसाची चूक तिच्या माथी मारून टाकू नका. तिला उलटून बोलता येत नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला ती धाकटी कधी भेटली, तर तिला एवढंच सांगा, की तिचं जेवण मी नासवलं नाही.