पाटापलीकडच्या वस्त्यांचा नकाशा

सणसरच्या शाळेत चौथीच्या वर्गात एकेचाळीस मुलं होती, आणि भाद्रपद सरता सरता त्यांतली नऊ हिवतापानं अंथरुणाला खिळली. नऊच्या नऊ पाटापलीकडची. गावठाणातल्या घरांत गेल्या वर्षी डीडीटी फवारली होती. पलीकडच्या चार वस्त्या मात्र फवारणीवाल्यांना सापडल्याच नव्हत्या. उसाच्या आत दडलेली घरं ती, रस्त्यावरून दिसायची कशी?

यंदा इंदापूरहून निरोप आला. सोमवारी एकच दिवस फवारणीची टोळी येणार. वस्त्यांचा नकाशा करून ठेवा, नकाशात असेल तेच घर फवारलं जाईल.

काम कुंडलिक गुरुजींवर आलं. मनातून त्यांना बरंच वाटलं. वीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते, आधी दिशा, मग प्रमाण, मग रेघ. आता ते करूनच दाखवायचं होतं.

मोजायला काय घ्यावं? सर्जेराव बागायतदार सोबत यायला तयार होता. त्यानं बैलाचा कासरा आणला. अंबाडीचा, चांगला वीस हात. पुलापासून पाटाच्या कडेनं पहिल्या वस्तीच्या वाटेपर्यंत सत्त्याहत्तर कासरे भरले. गुरुजींनी खात्रीसाठी परत मोजलं तर चौऱ्याऐंशी.

"तू चुकलास," गुरुजी म्हणाले.

"मी कशाला चुकतोय? जाताना पाट आखूड, येताना लांब. सासुरवाडीची वाट अशीच असती, गुरुजी."

तिसऱ्यांदा मोजल्यावर उलगडा झाला. कासरा दवानं आणि पाटाच्या पाण्यानं भिजून आखडला होता. सकाळ फुकट गेली. गुरुजींनी कासरा गोळा करून त्याच्या हातात दिला, तोही जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी सायकल मारत ते बारामतीला गेले. तिथल्या ओळखीच्या मास्तरांकडून तेहतीस फुटी लोखंडी साखळी आणि होकायंत्र मागून आणलं, शिवाय चौकटीचा मोठा कागद. आता साखळी काही आखडणार नव्हती.

शनिवारी पुन्हा सुरुवात. होकायंत्र तळहातावर धरून गुरुजींनी उत्तर ठरवली, सर्जेरावला हाक मारली, तो साखळी खांद्यावर टाकून शेजारी येऊन उभा राहिला आणि सुई गर्रकन फिरली.

"थांब. हलू नको."

"मी हललोच न्हाय. तुमची उत्तरच हालतीया."

दोन वेळा असं झालं, चार वेळा झालं. गुरुजींनी काच पुसली, यंत्र आपटून पाहिलं, बारामतीच्या मास्तरांना मनातल्या मनात बोल लावला. दुपार कलली तेव्हा लक्षात आलं, सुई साखळीच्या लोखंडाकडे ओढली जात होती. चुंबकाचा धडा तेच शिकवत. एखाद्या मुलानं हीच चूक केली असती तर त्यांनी हसून समजावलं असतं. स्वतःवर मात्र त्यांना हसता येईना.

मग साखळी तीस पावलं लांब ठेवायची, दिशा घ्यायची, परत साखळी आणायची. रविवारी अंधार पडेपर्यंत हेच चाललं. पण नकाशा झाला! पाट निळा, ऊस हिरवा, चार वस्त्या लाल टिंबांनी. कोपऱ्यात बाण आणि प्रमाण. अशी सुबक रेघ त्यांच्या हातून कित्येक दिवसांत उतरली नव्हती.

सोमवारी टोळीचा मुकादम दत्तोबा पाठीवर पंप अडकवलेले चार गडी घेऊन आला. त्यानं नकाशा उभा धरला, मग आडवा धरला.

"ही द्वारकाबाईची वस्ती," गुरुजींनी टिंबावर बोट ठेवलं. "पुलापासून सत्तर साखळ्या. म्हणजे दोन हजार तीनशे दहा फूट."

"गुरुजी, आमी पाटावरनं चालत जाणार. साखळी कुठं हाय आमच्याकडं? कितव्या मोरीला वळायचं, तेवढं सांगा."

शेतांना पाणी सोडायच्या मोऱ्या पाटाला पुलापासून ओळीनं होत्या. पाण्याची पाळी असो की पाहुण्याला वाट सांगणं, सगळं गाव मोरीवरच बोलायचं. गुरुजी तीन दिवस त्याच मोऱ्या ओलांडत फिरले होते. एकही मोजली नव्हती, कागदावर एकही काढली नव्हती.

"किती मोऱ्या आहेत रे सर्जेराव?"

"माझ्या शेताची तिसरी. पलीकडचं मला काय ठावं? तुमी तर म्हणत हुता, मोरी हे काय माप हाय व्हय!"

गुरुजी म्हणाले होते खरे. त्यांची कानशिलं तापली. दत्तोबानं उन्हाकडे बघितलं. "दिवस मावळला की आमी गावाबाहेर. उद्या डाळजला जायचं हाय. सांगता का गावठाणच मारून घेऊ?"

"गावठाण शेवटी," गुरुजी म्हणाले. "चला माझ्या मागं."

धोतराचा सोगा खोचून ते पाटावर चढले आणि मोठ्यानं मोजत निघाले. एक, दोन. तिसरीपाशी सर्जेराव काही बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं. सातवीला डावीकडे वळले. उसाच्या पानांनी हात खरचटले. आत घर होतं. अंगणात चौथीतली विजयमाला गोधडीत कुडकुडत पडली होती.

"गेल्या साली का न्हाय आला?" द्वारकाबाईनं दारातूनच विचारलं. "आमी मानसं न्हवं का?"

दत्तोबा गुरुजींकडे बघू लागला. गुरुजी म्हणाले, "बाई, भांडी बाहेर काढ आधी. भिंती भिजवायच्यात."

दुसरी वस्ती नववीला, तिसरी अकरावीला. चौथीची वाट तेराव्या मोरीला समजून ते चुकीच्या उसात शिरले. परत बाहेर, परत अकरावीपासून मोजणी. गडी कुरकुरले. गुरुजींचा घसा बसला होता. चौदावीला वाट मिळाली. शेवटच्या भिंतीवर औषध उडालं तेव्हा ऊन शेंड्यांवर आलं होतं. गावठाण राहिलंच.

"पुढल्या साली दुसरा मुकादम असंल," दत्तोबा म्हणाला. "मोऱ्या लिहून द्या."

दुसरा कागद नव्हता. गुरुजींनी नकाशा उलटा केला, गुडघ्यावर धरला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या. सातवी, डावीकडे. नववी, डावीकडे. अकरावी, डावीकडे. चौदावी, डावीकडे, विहिरीमागे.

दत्तोबानं त्या एकदा वाचल्या, मान हलवली आणि कागदाची घडी घातली. चित्र आत गेलं, ओळी बाहेर राहिल्या. घडी निळ्या पाटाच्या बरोबर मधोमध पडली. गुरुजींना ती बघवेना.