देठापर्यंत लाल

“अहो, आणा ना तोडून. झाला असेल आता,” बायको आतल्या खोलीतून म्हणाली.

तो गॅलरीतल्या कुंडीपाशी उकिडवा बसला होता. यंदा झाडाला एकच टोमॅटो धड धरला होता, खालून लाल, देठाजवळ अजून पिवळट. त्याचे हात शिवशिवत होते. उभा जन्म त्याने भाजीच्या गोदामात टोमॅटो निवडण्यात घालवला होता. तिथे रंग फिरू लागला की माल क्रेटमध्ये आणि लाल दिसला की बाद, कारण पिकलेला वाटेतच फुटतो. ती खोड घरीही सुटली नाही. दरवर्षी तो अर्धकच्ची फळं तोडून फ्रिजमध्ये ठेवी आणि दरवर्षी बायको ऐकवी, “तुमच्या हाताला धीर म्हणून नाही. एकदा तरी देठापर्यंत लाल होऊ द्या. खाल तेव्हा कळेल.”

आता औषधांनी तिच्या तोंडाची चव पार गेली होती. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागे. तिने मागितलं होतं ते एवढंच.

“थांब जरा,” तो म्हणाला. “या वेळी तुझ्या मनासारखा पिकवतो.”

“जन्मभर घाई केलीत, आणि आत्ताच कुठून आणलात एवढा धीर?” ती हसली, मग बराच वेळ खोकत राहिली.

त्याला मात्र स्वतःचं कौतुक वाटलं. पाखरांनी टोचू नये म्हणून त्याने फळावर फडकं बांधलं.

टोमॅटो देठापर्यंत लाल झाला, त्याच सकाळी तिला पाणी गिळवेना. नर्सने येऊन नाकातून नळी घातली. “आजोबा, आता तोंडाने काही द्यायचं नाही. श्वासनलिकेत जाईल.”

“एक फोडसुद्धा?”

“थेंबसुद्धा नाही.”

तो गॅलरीत गेला. फडकं सोडून हात लावताच फळ हातात आलं. काय करावं ते न सुचून त्याने उभ्याउभ्याच चावा घेतला. रस मनगटापर्यंत ओघळला. आधी गोड लागला, आंबटपणा मागाहून हळूच आला. एवढे टोमॅटो हाताखालून गेले, पण ही चव त्याला ठाऊक नव्हती. परवा तिने तो पिवळट देठाचाही आनंदाने खाल्ला असता. उरलेला टोमॅटो त्याने कठड्यावर ठेवून दिला.

तो तिच्या उशाशी येऊन बसला. तिने नुसत्या ओठांनी विचारलं, “कसा आहे?”

अजून कच्चाच आहे, असं सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं.

“तुझंच खरं होतं,” तो म्हणाला.

तिने त्याचा ओला हात ओढून नाकाशी धरला. तिला वास आला की नाही, कोण जाणे. तिने हात सोडला नाही, आणि तोही पाठीला रग लागली तरी तसाच वाकून बसून राहिला.