मूठभर ऐरण

ऐरण मूठभर आहे. तिच्यापुढे बसवायचा तर लोहार करंगळीएवढा लागेल.

तर्जनी अंगठ्याला लावणे. दहा वेळा. मग मधलं बोट. दहा वेळा. मग विश्रांती.

बंब तांब्याचा. मधून नळी, खाली जाळी, पुढे तोटी. उंची चार इंच.

"आई, आवाज खालच्यांना जातो."
"खालच्यांचा टीव्ही वर येतो."

खंडेनवमी. झेंडूची एक पाकळी ऐरणीला पुरली.

हे सगळं एकाच घरातलं, कर्वेनगरच्या तिसऱ्या मजल्यावरचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मुक्ताबाई भातुकली करतात. चूल, कळशी, घंगाळ. माप खेळण्याचं, घडण खरी. इतकी वर्षं तराजूच्या दोन किलोच्या जुन्या वजनावर त्या तांबं ठोकत. जुलैत उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय पूर्ण परत आला, हात बराचसा.

आता नवी ऐरण, नवी हातोडी, आणि हा बंब.

पण पत्र्यावर डाग पडत होते. दर ठोक्याला एक, नखाच्या कोरीएवढा. तीन पत्रे गेले.

"बंब जमला नाही तर हे टेबल काढून टाक," त्यांनी सुनेला सांगितलं. "वॉशिंग मशिन ठेव तिथे."

"मशिन तिथे मावत नाही," मैना म्हणाली. लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

मंडईच्या मागच्या गल्लीत मुनव्वरभाईंचं हत्यारांचं दुकान आहे. पत्राही तिथेच मिळतो. मुक्ताबाईंनी वाया गेलेला पत्रा आणि हातोडी काउंटरवर ठेवली.

"याहून मऊ पत्रा द्या. माझा हात गेलाय."

मुनव्वरभाईंनी चष्मा लावला. पत्रा उजेडात तिरपा धरला.

"ताई, हात चुकला तर दर वेळी वेगळा चुकतो. हे डाग बघा. सगळे जुळे भाऊ."

मग हातोडी उलटी केली. तोंडावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

"हे काय?"

"कुंकू. खंडेनवमीला पूजा केली. नवी हत्यारं होती."

"तोंडालाच लावलं?"

"मग काय दांड्याला लावू?"

"आणि पुसलं नाही."

"पूजेचं कुंकू पुसतात का?"

मुनव्वरभाई हसले नाहीत. "आमची कामावरची पोरं पण इथे पूजा करतात. दुसऱ्या दिवशी मी सगळं पुसतो, तेल लावतो. अजून तरी वरून तक्रार आलेली नाही."

कुंकू लावणाऱ्या बोटाची ओल स्वस्तातल्या लोखंडात उतरली होती. कुंकवाच्या कडेने गंजाची बारीक कोर धरली होती. हातोडीच्या तोंडावर जे असेल ते तांबं मुकाट्याने उतरवून घेतं.

त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा फाडला आणि मुक्ताबाईंच्याच हातात दिला. "घासा."

"मी?"

"हातोडी कुणाची आहे?"

मुक्ताबाई स्टुलावर बसून घासू लागल्या. हात दोनदा थकला. दोन्ही वेळा मुनव्वरभाई पेपर वाचत होते. तिसऱ्यांदा हात थांबला तेव्हा हातोडीच्या तोंडात दुकानाचा दिवा दिसत होता.

"ऐरणीलाही लावलं असेल."

"लावलंय."

"घरी जाऊन तीही घासा. आता इथे ठोकून बघा." त्यांनी गुळगुळीत लोखंडी ठोकळा आणि तांब्याची एक चिंधी पुढे सरकवली.

पहिला ठोका स्वच्छ पडला. दुसराही. मुक्ताबाईंनी श्वास सोडला. तिसऱ्या ठोक्याला हातोडी घसरली आणि चिंधीची कड चेपली.

मुनव्वरभाईंनी त्या कडेवर बोट ठेवलं.

"हा मात्र तुमचा," मुनव्वरभाई म्हणाले.

"हो," मुक्ताबाई म्हणाल्या. "हा माझा." आणि हातोडी पुन्हा उचलली. चौथा ठोका मधोमध बसला.

"पत्रा द्या," त्या म्हणाल्या. "नेहमीचाच. मऊ नको."

ती हातोडी आणि ऐरण मैनाने मागवली होती. जुलैत, दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी, सासूबाईंच्या उजव्या हाताचं एकही बोट हलत नव्हतं तेव्हा.